शेवट ठाऊक असलेली प्रेमकथा

‘संगीत सौभद्र’ बघायला बसलेल्या एकाही प्रेक्षकाला सुभद्रेचं लग्न कोणाशी होणार याची शंका नसते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये ते रंगभूमीवर आणलं तेव्हाही नसणार. गोष्ट महाभारतातली, लहानपणापासून ऐकलेली. तरीही बलराम मोठ्या भक्तिभावाने यतीच्या वेषातल्या अर्जुनाला घरी आणतो आणि त्याच्या सेवेला नेमकी सुभद्रेलाच लावतो, तेव्हा प्रेक्षागृहात खसखस पिकते. दुर्योधनाशी लग्न ठरवणारा भाऊच अर्जुनाला आपल्या हाताने बहिणीपाशी आणून ठेवतोय, हे आपल्याला दिसतं आणि त्याला दिसत नाही. ओळख लपवलेला नायक, एका छपराखाली राहायची वेळ आणि घरच्यांनी परस्पर ठरवलेलं दुसरं स्थळ. आज वाचनाच्या ॲपवर ज्यांना ट्रोप, म्हणजे कथेचे ओळखीचे साचे, म्हणतात, असे तीन या एका नाटकात आहेत.

प्रेमकथा वाचणाऱ्यांना मात्र “तेच तेच काय वाचता?” हे ऐकून घ्यावंच लागतं. रहस्यकथेत खुनी सापडणार हेही ठरलेलंच असतं, पण तिच्या वाचकाला कोणी हटकत नाही. या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं असं मला वाटतं, कारण त्या उत्तरातच प्रेमकथा लिहिण्याचं बरंचसं तंत्र दडलेलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ट्रोप आणि शेवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवट सगळ्यांचा एकच. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने आपल्या व्याख्येत दोनच अटी घातल्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं, आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशा देणारा हवा. ट्रोप सांगतो ते दोघांच्या मधे अडसर कुठला आहे, आणि तो साधारण कुठल्या प्रसंगांतून दूर होणार. ‘लग्नाचं नाटक’, म्हणजे जगासमोर जोडपं असल्याचं सोंग, एवढं कळलं की वाचकाच्या मनात आपोआप काही प्रसंग उभे राहतात. नाटक करायचं ठरतं तो प्रसंग. नातेवाइकांसमोरचा पहिला प्रयोग. नाटकाच्या ओघात तोंडून निघून गेलेलं एखादं खरं वाक्य. तापाची रात्र. आणि पितळ उघडं पडतं तो दिवस. हे प्रसंग येणार हे त्याला माहीत असतं. कसे येणार हे माहीत नसतं. त्यांची वाट बघण्यात वाचनाचा निम्मा आनंद आहे, म्हणून लेखकाने यातला एखादा मुख्य प्रसंग गाळला तर वाचक फसवल्यासारखा चिडतो. नवीन काही करायचंच असेल तर प्रसंग बदलून दाखवावा. नाहीसा करू नये.

शेवट माहीत असल्याने रस कमी होतो, ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये १२ लघुकथा वाचकांना दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. सरासरीने पाहता, शेवट माहीत असलेल्यांना कथा जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटही निकाल आले, त्यामुळे हा नियम म्हणून मिरवायला नको. पण प्रेमकथेच्या बाबतीत कारण समजण्यासारखं आहे. दोघं एकत्र येणार याची खात्री असली की वाचक स्वतःला बिनधास्त घाबरू देतो. नायिका सामान बांधून कोपरीच्या पुलावरून रिक्षाने स्टेशनकडे निघते, तेव्हा पोटात खड्डा पडू द्यायला हरकत नसते, कारण तो भरून निघणार असतो. खात्री नसती तर आपण आधीच मन आखडून घेतलं असतं. खऱ्या आयुष्यात आपण तेच करतो.

जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका लहान शहरातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी सविस्तर बोलून काही निरीक्षणं मांडली. काही जणी पुस्तक घेण्याआधी शेवटची पानं चाळून घेत. आणि वाचायला बसणं म्हणजे घरच्यांना ‘आता हा माझा वेळ’ असं सांगणं, हे त्यांच्या बोलण्यात वारंवार आलं. वाशीच्या कंपन्यांतून ठाण्याला परतणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ठाणे-वाशी लोकलला साधारण अर्धा तास लागतो. मिनिटाला दीडशे-दोनशे शब्द धरले तर ॲपवरच्या मालिकेचा १,२०० शब्दांचा एक भाग सहा ते आठ मिनिटांत होतो, म्हणजे एका फेरीत तीन ते पाच भाग. त्या अर्ध्या तासात कोणालाही नवं जग, वीस पात्रांची नावं आणि तीन पिढ्यांचा इतिहास पाठ करायचा नसतो. ट्रोप ओळखीचा असला की पहिल्या दोनशे शब्दांत वाचक आत शिरतो आणि उरलेलं सगळं लक्ष या दोन माणसांवर राहतं. हा फायदा फार मोठा आहे, आणि टीका करणाऱ्यांच्या तो सहसा लक्षातच येत नाही.

साचे आपल्याकडे बाहेरून आले असंही नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेच्या आठ अवस्था दिल्या आहेत: सजून वाट बघणारी वासकसज्जा, स्वतः निघून त्याच्याकडे जाणारी अभिसारिका, तो दुसरीकडे रात्र घालवून आल्याने दुखावलेली खंडिता, आणि बाकीच्या. माझी आवडती कलहांतरिता. तिने भांडून त्याला घालवून दिलंय आणि आता ती पस्तावते आहे. आजच्या कुठल्याही चाळीस भागांच्या मालिकेतला बत्तिसावा-तेहतिसावा भाग उघडा, ती तिथे बसलेली असते. पूर्वीच्या रसिकाला ही नावं पाठ होती. कलहांतरिता आली म्हणून तो उठून जात नसे. ही कलहांतरिता कशी रंगवली आहे ते बघायला तो सरसावून बसे.

आता एक ट्रोप उघडून त्याचे भाग बघू. ‘लग्नाचं नाटक’ घेते, कारण तो पुष्कळ लिहिला जातो आणि पुष्कळदा फसतो.

पहिला भाग म्हणजे कारण. दोन शहाणी माणसं खोटं नातं का पत्करतील? ‘आजीची शेवटची इच्छा’ आणि ‘कंपनीच्या वारसाची अट’ ही दोन कारणं इतकी वापरून झाली आहेत की वाचक त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. आपल्या आजूबाजूला यापेक्षा चांगली कारणं पडलेली आहेत. नवी मुंबईत अनेक घरमालक आणि सोसायट्या अविवाहितांना घर द्यायला कां-कूं करतात. ऐरोलीत नव्याने नोकरी लागलेली सोलापूरची मुलगी आणि ऐन वेळी रूममेट निघून गेलेला तिच्याच ऑफिसातला मुलगा ‘साखरपुडा झालाय, मार्गशीर्षात लग्न आहे’ असं सांगून घणसोलीत वन आरके घेतात. कारण पटतं, कारण ते भाड्याच्या आकड्याशी जोडलेलं आहे.

दुसरा भाग म्हणजे मुदत. इथे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याच्या घराचा करार आयता हाताशी आहे: रूढ मुदत ११ महिने, बहुतेक करारांत महिन्याभराची नोटीस, आणि डिपॉझिट अडकलेलं. म्हणजे कोणालाही रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी निघून जाता येत नाही. ११ महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असं पात्राच्या तोंडी घालू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणी लागतेच. आणि तीच तर तुमच्या उपयोगाची. नोंदणी करून देणारा एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. रिकामी खोली, जमिनीवर पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर लॅपटॉप. तिचा अंगठा यंत्र घेत नाही; भांडी घासून रेषा पुसट झाल्यात असं एजंट म्हणतो आणि पुन्हा पुन्हा टेकवायला लावतो. शेवटी मुलगा आपला रुमाल पुढे करतो, ती अंगठा पुसते आणि यंत्रावर हिरवा दिवा लागतो. घरमालकीण काकू हे सगळं दारात उभ्या राहून बघतायत. “बघा, काळजी घेतो हो!” असं त्या म्हणतात, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता हसतात. नाटकाचा हा पहिला प्रयोग. प्रेमाचा शब्दही न काढता तो होऊन जातो, आणि रुमाल तिच्याकडेच राहतो. पुढे दहाव्या भागात तो कपड्यांच्या दांडीवर वाळत घातलेला त्याला दिसला पाहिजे.

खोट्या साखरपुड्याऐवजी खरंखुरं कराराचं लग्न लिहायचं असेल तर कायदा बघून घ्या. ‘सहा महिन्यांनी घटस्फोट’ या अटीवर शेकडो कथा उभ्या आहेत आणि ती अट चालतच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १४ प्रमाणे लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्ज दाखल करता येत नाही. असाधारण त्रास असेल तर न्यायालयाची खास परवानगी लागते. परस्परसंमतीने घ्यायचा तरी कलम १३ब नुसार आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबायचं. हे सहा महिने न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण तेही आपोआप होत नाही. जाणकार वाचक, आणि त्यांत वकील बायका पुष्कळ असतात, इथे अडखळतात. उलट लेखकाने हे खरं वापरलं तर गोष्टीला बळच मिळतं. सहा महिन्यांत सुटू असं समजून सही केलेली दोघं वकिलासमोर बसली आहेत, आणि वकीलबाई शांतपणे सांगतात की वर्षभर तरी काही करता येणार नाही. मुदत दुप्पट झाली. वाचकाला यापेक्षा आनंदाची बातमी नसते.

तिसरा भाग म्हणजे साक्षीदार. नाटकाला प्रेक्षक नसेल तर दोघं आपापल्या कोपऱ्यात मोबाइल बघत बसतील आणि गोष्ट तिथेच बसेल. दर तीन-चार भागांनी बाहेरचं कोणीतरी दारात उभं राहिलं पाहिजे: गावाहून आलेले दीर, हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आलेल्या शेजारच्या वहिनी, ऑफिसातला चौकस सहकारी. सगळ्यात प्रभावी म्हणजे अचानक चार दिवसांसाठी आलेली आई, कारण वन आरकेत आईला पलंग दिला की या दोघांना जमिनीवर झोपावं लागतं. ‘एकच पलंग’ हा ट्रोप परदेशी कथांत हॉटेलच्या खोलीत घडतो. आपल्याकडे त्याला हॉटेल लागत नाही, एक सतरंजी पुरते. आणि ती चालते कारण कोणी मुद्दाम काही केलेलं नाही. जागाच तेवढी आहे.

फसतं कुठे, तर मध्यावर. चाळीस भाग धरले तर तिसऱ्या भागापर्यंत नाटक ठरायला हवं, दहाव्याच्या आसपास पहिली खरी भावना निसटायला हवी, आणि विसाव्यापर्यंत निदान एकाला स्वतःच्या मनातलं कळलेलं असावं. बरेच लेखक पंधरा ते तीस या भागांत एकच प्रसंग फिरवून फिरवून लिहितात: ती घसरते, तो सावरतो, नजरानजर, फोन वाजतो. दुसऱ्यांदा वाचक हसतो, तिसऱ्यांदा भाग सोडून पुढे जातो. प्रत्येक जवळिकीनंतर काहीतरी कायमचं बदललं पाहिजे. तिला त्याचं कर्ज कळलं, त्याला तिने सोडलेलं गाणं कळलं, आता ते न कळल्यासारखं वागता येणार नाही. काहीच बदललं नसेल तर तो भाग काढून टाकला तरी चालेल, आणि मग तो काढावाच.

‘भांडणातून प्रेम’ या ट्रोपला वेगळं पथ्य आहे. भांडणात दोघांचीही बाजू बरोबर असली पाहिजे. नायक उद्धट आणि नायिका तापट, एवढ्यावर भांडण उभं केलं तर ते तिसऱ्या भागात संपायला हवं, आणि ओढलं तर दोघंही बालिश दिसतात. ठाण्यात नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली आहे असं समजा. ती सोसायटीची सेक्रेटरी. तळमजल्यावरच्या दोन वयस्कर भाडेकरूंचं काय होणार या काळजीने तिचा विरोध. तो विकासकाच्या बाजूचा आर्किटेक्ट. स्लॅबला गेलेले तडे त्याने स्वतः मोजलेत आणि पुढचा पावसाळा ही इमारत काढेल याची त्याला खात्री नाही. दोघंही खरं बोलतायत. २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, म्हणजे एकेक मत मोलाचं. विशेष सर्वसाधारण सभेची तारीख ठरलेली, म्हणजे मुदतही आली. आता ती जिन्यात त्याला अडवून स्ट्रक्चरल ऑडिटमधल्या एका आकड्याचा जाब विचारते तेव्हा वाचकाला दोन गोष्टी एकदम जाणवतात: ही चिडली आहे, आणि हिने अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचलाय. तोही हेच ओळखतो. आदर तिथे सुरू होतो. आदराशिवाय भांडणातून प्रेम लिहिता येत नाही.

इथे एक रेघ ओढलेली बरी. टोचून बोलणं वेगळं, इजा करणं वेगळं. नायकाने तिची नोकरी घालवली, चारचौघांत अपमान केला, हात धरून ओढत नेलं, आणि पुढे ‘त्याचं प्रेमच तसं आहे’ म्हणून सगळं माफ झालं, अशा कथा अजून लिहिल्या जातात. वाचकाला ट्रोपमधून हवी असते सुरक्षितता, आणि नायकच धोकादायक झाला की ती पहिल्यांदा जाते. तिच्या ‘नाही’चा अर्थ कथेत नाहीच राहिला पाहिजे, या मुद्द्यावर मी तडजोड करणार नाही.

गैरसमजावर फार लिहिण्याची गरज नाही. तो नाटकात खुलतो, कारण तिथे सगळं प्रेक्षकांना माहीत असतं आणि गंमत बघायला बसलेले आपण असतो. ‘संशयकल्लोळ’ त्याचा उत्तम नमुना. कादंबरीत दोघांचा विरह त्यावर टांगला तर कसोटी एकच: दोन मिनिटांच्या फोनवर हे मिटलं असतं का? मिटलं असतं, तर त्याला अडसर म्हणता येत नाही. तो ठेवायचाच असेल तर न विचारण्याचं कारण तिच्या स्वभावात आधीच पेरून ठेवा. लहानपणी वडिलांना ‘कुठे होतात’ विचारल्यावर घरात काय व्हायचं हे पाचव्या भागात आलेलं असेल, तर तिसाव्या भागातलं तिचं गप्प राहणं वाचक समजून घेतो.

जुनं प्रेम पुन्हा भेटणं, बालमैत्रीचं प्रेम, खडूस नायक आणि हसरी नायिका, यांचंही असंच प्रत्येकाचं पथ्य आहे, पण नवीन लिहिणाऱ्यांची खरी गडबड संख्येत होते. एका कथेत एक मुख्य ट्रोप आणि त्याला धरून एक दुय्यम, एवढं पुष्कळ. लग्नाचं नाटक आणि एका छपराखाली राहणं हे जोडीने जातात, कारण एकातून दुसरं निघतं. त्यात स्मृतिभ्रंश, जुळी बहीण आणि लपवलेली श्रीमंती घातली की कुठल्याच ट्रोपचे ठरलेले प्रसंग पूर्ण होत नाहीत. आणि जो मुख्य आहे तो पहिल्या दोन भागांत दिसलाच पाहिजे. वर्णनात ‘भांडणातून प्रेम’ लिहिलं आणि सहाव्या भागापर्यंत नायक-नायिका भेटलेच नाहीत, तर वाचक परत येत नाही.

शेवटचा अवघड टप्पा माफीचा. पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये रोमान्स कादंबरीची आठ अंगं मांडली. त्यांत सगळं संपलं असं वाटायला लावणारा एक क्षण आहे, आणि अडसर ओलांडायला लावणारी उमज आहे. या दोहोंच्या मधे माफी येते, आणि बहुतेक कथा इथे घाई करतात: तो पावसात उभा राहतो, ती खिडकीतून बघते, झालं. चूक जेवढी मोठी, तेवढी माफीची किंमत मोठी असली पाहिजे, आणि ती त्याने भरताना दिसली पाहिजे. ती बघत असेल या आशेने भरलेली किंमत मोजली जात नाही. नौपाड्याच्या त्या आर्किटेक्टने विकासकाच्या दबावाने नकाशात घरांचं चटईक्षेत्र फुगवून दाखवलं असेल, आणि ते बाहेर आल्याने दोघं तुटली असतील, तर फुलं आणि पत्र याचा काही उपयोग नाही. त्याने विशेष सभेत सगळ्या सभासदांसमोर उठून आकडा चुकीचा होता हे सांगावं, काम हातचं जाणार हे माहीत असताना. त्या सभेचं इतिवृत्त सेक्रेटरीलाच लिहायचं असतं, म्हणून त्याची कबुली शब्दशः, वेळ आणि ठरावाच्या क्रमांकासकट, तिला आपल्या हाताने उतरवावी लागते. तिथून पुढचे किमान दोन भाग तिचे आहेत, आणि त्या दोन भागांत त्याने फोनही करू नये.